खाप्याच्या गाडीतले शेवट

धरमपेठ, नागपूर
रविवार, दुपार

आयु. नागसेन यांस,
ताराचंदचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मेघाताईंची तब्येत बरी असेल. इकडे सगळे ठीक आहेत. जयवंताच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी निघताना तुम्ही विचारलंत, "भाऊजी, दिवस कसा काढता?" मी "निघतो" एवढंच म्हणालो. बहिणीच्या घरून निघालेल्या भावाला हे उत्तर फार आखूड झालं, असं नंतर वाटलं. म्हणून हे पत्र. तर, मी सिनेमे पाहतो. सूनबाईने, म्हणजे पायलने, टीव्हीवर तशी सोय करून दिली आहे. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो (तो कसा थांबवायचा हे मला अजून कळलेलं नाही, त्यामुळे काही सिनेमे नाइलाजाने पाहिले).

गुप्तहेराचा एक पाहिला. नायक विमानातून उडी मारतो, तळ्यात पडतो आणि बाहेर येतो तेव्हा भांग जागेवर असतो. भुताचाही पाहिला. सगळे त्या भुताला भीत होते, मला मात्र त्याची कीव आली. एवढ्या मोठ्या बंगल्यात एकटं काय करणार? मग एक मराठी, त्यात बापलेक दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत. पायलला तो फार आवडला. अश्विन आणि मी तो शेजारी बसून पाहिला, आणि आम्हीही काही बोललो नाही.

पण माझी खरी तक्रार शेवटांबद्दल आहे. खाप्याला राहत होतो तेव्हा आम्ही दोघं इकडे नागपुरात बर्डीवर सिनेमाला यायचो, हे तुम्हाला माहीत आहे. शो सुटेपर्यंत थांबलं तर खाप्याची गाडी चुकायची. त्यामुळे नायक बांधलेला असायचा, खलनायक हसत असायचा आणि जयवंता पिशवी उचलायची. "उठा जी, गाडी जाईन." उरलेला सिनेमा ती गाडीत सांगायची. सुरुवात नेहमी कोणाच्या घरी काय शिजलं इथून (पोटात काही नसताना माणसं शहाणी होत नाहीत, असं तिचं मत). तिच्या शेवटात खलनायक मरायचा नाही. "मारून काय भेटते? त्याचं लग्न करून द्या. आपोआप सुधरते." सावनेर येईपर्यंत त्याला पोरगी झालेली असायची.

खुनाचा एक सिनेमा तर तुम्हाला आठवत असेल, तिने तो तुमच्या अंगणात पुन्हा सांगितला होता. खुनी वकील. कारण, "मयताच्या घरी चहा पिऊन राहिला, अन् वरून म्हणते साखर कमी आहे! अशा माणसाचा काय भरोसा?" मला ते पटलं. ऑफिसात आमचे मनोहरराव खुनी डॉक्टर होता म्हणायचे, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडलो होतो. मागच्या आठवड्यात तो सिनेमा टीव्हीवर लागला आणि मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. डॉक्टरच निघाला. पण तो डॉक्टर चहाला नावं ठेवत नाही, कोणाशी उलटून बोलत नाही. सिनेमावाल्यांची चूक झाली आहे, असं माझं मत आहे.

मध्ये अश्विन-पायल मला मॉलमधल्या टॉकीजला घेऊन गेले. गोळीबार ऐन रंगात आला आणि माझ्या लक्षात येण्याआधी मी उभा राहिलो होतो. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना! कोणाले लागली ते दिसून नाही राहिलं!" पायल म्हणाली, "बाबा, काहून उठले? आत्ता तर मजा येऊन राहिली." मी बाथरूमचं कारण सांगून बाहेर गेलो आणि ते येईपर्यंत सरकत्या जिन्यापाशी उभा राहिलो. परतताना कारमध्ये दोघंही शेवटाबद्दल काही बोलले नाहीत. सिनेमा पाहून अशी मुकी गाडी मी पहिल्यांदा पाहिली.

रामदासपेठेच्या दवाखान्यात आम्ही एक सिनेमा अश्विनच्या मोबाइलवर पाहत होतो. दोन म्हातारे भाऊ, घरात मधोमध भिंत घातलेली, बोलणं बंद. धाकटा आजारी पडतो. थोरला डबा घेऊन त्याच्या दाराशी येतो, तेवढ्यात नर्स आली. जयवंता म्हणाली, "राहू द्या. बाकीचा उद्या सांगते." तो आता घरच्या टीव्हीवर रोज पहिल्याच ओळीत दिसतो, खाली पाहिला तेवढी लाल रेघ, शेवटाला थोडी कमी. पायल तो काढून टाकणार होती. मी नको म्हणालो.

बाकी सर्व क्षेम. माझी काळजी करू नये. मला कशाची गरज नाही.

आपला,
ताराचंद

ता.क. येताना खाप्याची वांगी आणा. इथल्या वांग्यांना चव नाही.

ता.क. 'येताना' असं लिहून गेलो आहे, तर येत्या रविवारी याच. तो सिनेमा सुरुवातीपासून दोघं पाहू. थोरला दाराशी आला की उठू आणि खाप्याची गाडी पकडू. मीही तुमच्यासोबत येतो, परतीचं नंतर पाहता येईल. तोवर तुम्ही तो कुठेही पाहू नका, कोणाला विचारूही नका. शेवट तुम्ही गाडीत सांगायचा. तुम्ही तिचे भाऊ आहात, थोडंफार जमेल. यात खलनायक नाही, त्यामुळे कोणाचं लग्न लावून भागणार नाही. डब्यात काय होतं, तिथून सुरुवात करा.