मॅनेजरच्या डब्याबद्दल मामांस खुलासा

निघोजे,
मंगळवार

तीर्थस्वरूप सोपानमामांच्या पायांवर, ते तुम्ही मागे ओढून घेतले असले तरी, भाचा प्रज्वल याचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची शुगर? नव्या शेडमधल्या पिल्लांना ऊन सोसतंय का? इकडे आई-पप्पा ठीक, म्हैस आटली आहे, आणि माझी तब्येत तुम्ही रविवारी डोळ्यांनी पाहिलीच. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. मी आईच्या फोनवरून लावला, तर सख्ख्या बहिणीलाही ब्लॉक केलंत. म्हणून हे पत्र. कागदाला ब्लॉक करता येत नाही, आणि तुमच्याच अंड्यांच्या टेम्पोवाल्याच्या हातात देतोय, म्हणजे पत्ता चुकायचाही प्रश्न नाही. (फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा. ताजा कलम सोडू नका.)

रविवारी निगडीत रंगरावांच्या बंगल्यावर जे झालं त्याबद्दल तुमचं म्हणणं मला आईकडून कळलं. ‘तुझ्या पोरानं माझी आयुष्याची मध्यस्थी मातीत घातली.’ मामा, तुम्ही जुळवलेली लग्नं अख्ख्या खेड तालुक्यात नांदतायत, हे मी कुठंही छातीठोक सांगेन. पण मी त्या दिवशी कुणाचं जमलेलं मोडायला आलो नव्हतो. मी डबा द्यायला आलो होतो. तो डबा कसला आणि कुणाचा हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, म्हणून मुळापासून सांगतो. जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर तळवडे चौकात एका गाडीवाल्यानं मला कट मारला. मी शांतपणे त्याला गाठलं आणि शांतपणे त्याच्या आरशावर बुक्की मारली. आरसाही फुटला, हातही फुटला. (चूक त्याचीच होती. चौकातल्या दोघांनी तसं सांगितलं. बाकीच्यांनी उलट सांगितलं, पण त्यांना लांबून दिसलं होतं.) रक्ताचा हात घेऊन निगडीत पहिलं मेडिकल दिसलं त्यात शिरलो. काउंटरवर तेजस्विनी होती. ती तिथली फार्मासिस्ट. तिनं हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय?’ मामा, कॉलेज सोडल्यापासून माझ्या भल्याचं एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी तिथंच कामातून गेलो.

तेवढ्यात तिचे वडील रंगराव कुत्र्याच्या खाण्याचं भलंमोठं पाकीट घेऊन आले. ‘मॅनेजर हे खात नाही गं.’ मॅनेजर म्हणजे त्यांचा लॅब्राडोर. रंगरावांनी कंपनीत मशीनवर जन्म काढला, रोज वेगवेगळ्या मॅनेजरांचं ऐकलं, आणि रिटायर झाल्या झाल्या कुत्रा आणून त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. आता रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकून ते ‘मॅनेजर, खाली बस’ म्हणतात, तो बसतो, आणि त्यांना चहा गोड लागतो. तेजस्विनी म्हणाली, ‘बाबा, तुम्ही त्याला चोरून फरसाण चारता, मग तो ह्या गोळ्या कशाला खाईल? ह्याचा भाव बघितलाय? पोटाला चांगलं पाहिजे, खिशाला झेपलं पाहिजे आणि माझी ड्युटी सांभाळून जमलंही पाहिजे. असं कुठं मिळतं?’ मी पट्टी धरल्या हातानं म्हटलं, ‘माझ्याकडे. कुत्र्यांच्या जेवणाचाच धंदा आहे माझा.’ मामा, हे खोटं नव्हतं. मी फक्त आधी बोललो आणि मग केलं.

केलं म्हणजे कसं केलं ते ऐका. पहिला प्रयोग आपल्या गोठ्यातल्या टिप्यावर. भाकरी दुधात कुस्करून दिली, तर रात्रभर टिप्या आणि मी दोघंही गोठ्याबाहेर. त्याला दूध पचलं नाही आणि मला आईनं घरात घेतलं नाही. आई म्हणाली, ‘आजवर कुत्र्याला कुणी इचारलं न्हाई का बाबा तुला काय सोसतं! उरलं ते खाल्लं आन आडवं झालं.’ मग बाजरी-तांदळाची मऊ खिचडी, तीत किसलेला लाल भोपळा, गाजर, उकडलेलं अंडं आणि थोडी कलेजी (दोन्ही तुम्ही टिप्यासाठी म्हणून पाठवायचात त्यातलंच). पण आई माळकरी. (भाऊ पोल्ट्रीवाला आणि बहीण माळकरी, हे आजोबांनाच जमलं.) घरात अंडं फुटायची सोय नाही. म्हणून भाडेकरूंच्या खोल्यांमागे पत्र्याखाली शेगडी मांडली. त्या वासानं पहिला आला धनेश, आपला लातूरचा भाडेकरू. शिफ्ट करून दमून आलेला. मी भांडी घासत होतो तोवर त्यानं ताटलीभर खाल्लं आणि म्हणाला, ‘भावा, सगळं झकास जमलंय बघ, मीठ तेवढं इसरलास.’ म्हटलं, ‘धनेशभाऊ, ते कुत्र्याचं आहे. कुत्र्याच्या खाण्यात मीठ घालत नाहीत.’ तो उठला आणि खोलीत जाऊन मीठ घेऊन आला. ह्याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठल्या पाकिटावर आहे?

पण खरी परीक्षा निगडीत झाली. पहिल्या डब्याला मी चव यावी म्हणून कांदा परतून घातला होता. तेजस्विनीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण लावून डबा माझ्या हातात दिला. ‘कुत्र्याला कांदा-लसूण विष असतं. बेदाणे, चॉकलेटही. धंदा किती वर्षांचा आहे तुमचा?’ मी म्हटलं, ‘जुना आहे.’ ती म्हणाली, ‘मग गिऱ्हाइकं जिवंत आहेत ना?’ मामा, पप्पांनी असं विचारलं असतं तर मी ताटावरून उठलो असतो. तिचं मी ऐकलं. त्या दिवसापासून कांद्याशी माझं वैर आहे. मिसळ खायला गेलो तरी आधी कांद्याची वाटी लांब सारतो. पुढं डबा सुरू झाला तो झालाच. सकाळी ड्युटीला जाताना तिनं नुसता वाटीत काढायचा, उरलेला फ्रिजमध्ये. (फ्रिजमध्ये तो तीन दिवस छान राहतो. मी दोनच दिवस सांगितले आहेत. तिसऱ्या दिवशी मला निगडीला जायला दुसरं काही कारण नसतं.) महिन्याभरात मॅनेजरच्या अंगावर अशी चकाकी आली की रंगराव त्याला अंगणातून रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसवायला लागले.

आता रविवार. नेहमीप्रमाणे डबा घेऊन पोचलो, तर दारात चपलांचा बाजार. त्यात एक जोड ओळखीचा, डाव्या अंगठ्याला निळ्या वायरनं बांधलेला. तुमच्या त्या चपला ज्या दारात उतरतात तिथं पुढच्या हंगामात मांडव पडतो. मागच्या दारानं गेलो. सुमनताई, म्हणजे तेजस्विनीची आई, कढईशी होत्या. वर न बघताच ‘आलास का बाबा, बरं झालं, एवढं पाणी दे बाहेर’ म्हणून ट्रे माझ्या हातात. म्हणजे जिच्यासाठी मी भोपळा किसायला शिकलो, तिला बघायला आलेल्या माणसाला पाणी पण मीच द्यायचं. तरी निघालो. तुम्ही माझ्याकडे डोळे वटारले, मीही वटारले, आणि आपण दोघांनीही ओळख दाखवली नाही. इथपर्यंत माझ्या वागण्यात खोट असेल तर काढून दाखवा.

दिग्विजयराव मुलगा चांगला, हे मी मान्य करतो. चाकणच्या कंपनीत असिस्टंट मॅनेजर, पुनावळ्यात फ्लॅट, डोक्यावर केस. तुमच्या हाताखालून आलेला, म्हणजे पारखूनच घेतलेला असणार. पण मुलगी कुत्र्यावर जीव टाकते हे त्याच्या कानावर गेलं असावं. मॅनेजर पायाशी येऊन बसला तसा हा ‘अले अले’ करायला लागला, पोह्यांचा चमचा भरला (कांदा असा ठळक चिरलेला) आणि त्याच्या तोंडात दिला. दुसरा भरला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ट्रे माझ्या हातात होता, मग नव्हता. पेले कुठं गेले ते मला नंतर दिग्विजयरावांच्या पँटीवरून कळलं. मी मॅनेजरच्या जबड्यात हात घालून ‘थुंक, विष आहे, थुंक’ ओरडतोय आणि तुम्ही माझी कॉलर धरून ‘पज्या, सोड त्या कुत्र्याला!’ दिग्विजयराव म्हणाले, ‘अहो, चमचाभर कांद्यानं काय होतंय? आमच्या गावचं कुत्रं खर्डा खातं.’ त्यावर मी जे बोललो ते मागे घेणार नाही. आई शेजारी गहू निवडत बसलीय, म्हणून इथं लिहीत नाही एवढंच.

मग त्याच्या आईंनी विचारलं, ‘हा मुलगा कोण?’ तुम्ही माझी कॉलर सोडून पंख्याकडे बघायला लागलात. शेवटी रंगराव म्हणाले, ‘आमच्या मॅनेजरचा डबा आणतो.’ त्या बाईंनी आपल्या मुलाकडे असं पाहिलं, जणू ह्या घरात मॅनेजरांना काय चारतात ते त्यांना कळून चुकलं होतं. पाहुणे उठले. तुम्ही त्यांच्यामागे समजूत घालायला धावलात (एक चप्पल पायात, एक हातात), आणि म्हणून त्यानंतरचं तुम्हाला माहीतच नाही.

सुमनताईंनी कपाळाला हात लावला. ‘ह्या पोरानं हातातलं स्थळ घालवलं.’ तेजस्विनी खाली बसून फरशीवरचे पोहे गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘प्रज्वलनं नाही घालवलं. प्लेट हातात देतानाच मी त्यांना सांगितलं होतं, कुत्र्याला कांदा देऊ नका, त्याला चालत नाही. अख्ख्या कार्यक्रमात मी तेवढं एकच वाक्य बोलले. ते हो म्हणाले आणि हसले.’ मामा, ह्यावर रंगराव खुर्चीतून उठले आणि तिच्या शेजारी बसून पोहे गोळा करायला लागले.

तेव्हा तुमची मध्यस्थी मी मातीत घातलेली नाही. ती एका वाक्यावर अडली. तेच वाक्य मी पहिल्या डब्याला ऐकलं होतं, आणि दुसऱ्या डब्यात कांदा नव्हता. एवढंच माझं म्हणणं.

मामींना नमस्कार. टिप्या शेपूट हलवतोय ती तुम्हालाच, असं समजा.

तुमचा (तुम्ही अजून मानत असाल तर) भाचा,
प्रज्वल

ता. क. तुम्ही कालपासून तडकलेली अंडी आणि कलेजी पाठवणं बंद केलंय. राग माझ्यावर काढा, मुक्या जिवावर काढू नका. टेम्पोवाला परत येताना पाठवून द्या.

ता. क. दुसरा. त्या संध्याकाळीच मी आणि तेजस्विनी मॅनेजरला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, कांदा वाईटच, पण एवढ्याशा घासानं बहुधा काही होणार नाही, काही दिवस लक्ष ठेवा. मग त्याला काट्यावर उभं करून म्हणाले, ‘ह्याला जेवायला घालता की बैलगाडीला जुंपायचाय?’ डब्याची वाढलेली वाटी आणि रंगरावांचं फरसाण, दोन्ही मिळून तो चांगलाच सुटला आहे. शिवाय नुसत्या घरच्या जेवणात कुत्र्याला लागणारं कॅल्शियम वगैरे पुरत नाही म्हणे. आता सकाळी पाकिटातल्या मोजून गोळ्या, संध्याकाळी माझा लहान डबा आणि फरसाण कुलुपात. खर्चाचाही मेळ बसला. माझं पहिल्यापासून हेच म्हणणं होतं.

ता. क. तिसरा. मुद्द्याचं आता. येत्या रविवारी तुम्ही निगडीला चला. माझ्यासाठी. पप्पा येणार नाहीत, ते म्हणतात अर्धवट शिकलेल्या पोराचं तोंड घेऊन मी कुणाच्या दारात जात नाही. पण तुमचा शब्द रंगराव मोडणार नाहीत. त्या निळ्या वायरच्याच चपला घाला, नवीन घालू नका. मुलगा काय करतो विचारलं तर डिप्लोमा पुरा करतोय म्हणून सांगा. खोटं नाही. आधी तुम्ही बोला, जूनमध्ये मी करतो.

ता. क. शेवटचा. तुम्ही विचारणार, ‘आरं पण पोरीला इचारलंस का?’ नाही विचारलं. गाडीवाल्याशी भांडताना जीभ कशी सरळ चालते, तिथं चालत नाही. पण आत्ता निगडीहून रिकामा डबा घेऊन आलो तर तो जड लागला. आपल्यात कुणाचा डबा मोकळा परत देत नाहीत, पण कुत्र्याच्या डब्याला ही रीत कोण लावतो? एरवी घासूनपुसून मोकळाच येतो. उघडला तर बटाट्याचे पोहे, कांद्याचा कणही नाही. मला वाटलं, टिप्यासाठी दिले असतील. टिप्या समोर येऊन बसलाही होता. त्याला द्यायच्या आधी, धंद्याची सवय म्हणून, चिमूटभर मी तोंडात टाकले.

मीठ होतं, मामा. अगदी चवीपुरतं.