हवेतून तापलेलं पाणी

सोमवार, संध्याकाळ. कामतघर, भिवंडी.

आईच्या पायावरचा भाजल्याचा डाग अजून लालच आहे. गॅसवरचं पातेलं बाथरूममध्ये नेताना पाणी सांडलं, त्याला महिना झाला. म्हणून तर काल पाणी तापवणारा हीट पंप बसवला. आधीच का नाही बसवला मी?

सकाळी आई लंगडत आली, नळाकडे संशयाने बघत राहिली. "गॅस न्हाय, जाळ न्हाय, मग तापतं कसं?"

"बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. वीजही कमी लागते."

"भिवंडीच्या हवेचा काहीतरी उपयोग झाला मग!"

लकवा झाल्यापासून अप्पांना तीच आंघोळ घालते. रोज पाणी पुरवून पुरवून. आज नळ चालूच ठेवला. अप्पा, एरवी दिवसदिवस न बोलणारे माझे वडील, म्हणाले, "अजून."

मग आई आत गेली. बाहेर आली ती ओल्या केसांनी, हसत. "किती वर्षांनी रे, गरम पाणी!"

"म्हणजे?"

"अप्पांचं झालं की उरायचं कुठं? मी थंडच घ्यायची."

याच घरात राहतो मी. एकदाही विचारलं नाही. टॉवेल घेऊन तिचे केस पुसायला बसलो. तीही नको म्हणाली नाही.