तोतया व्याही

दुर्गापुरा, जयपूर

श्री. प्रभाकरराव यांना दिनकरचा नमस्कार.

‘स. न. वि. वि.’ एवढ्यावर या पत्राचं भागणार नाही, म्हणून सगळं सुटं करून लिहितो. नमस्कार सप्रेम आहे. विनंतीही आहे, पण ती मागाहून. तुमचा गुडघा कसा आहे? विनयाताईंची साखर आटोक्यात आहे ना? बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत एवढं समजलं, देवाची कृपा. इकडे सुधा बरी आहे. मी बरा आहे असं म्हणवत नाही. जेवण जातं, पण गोड लागत नाही. (सुधाचं म्हणणं, मीठ कमी पडलं की तेवढं लगेच कळतं.)

फोनच करणार होतो. केलाही, पण तुम्ही उचलला नाहीत. हल्ली कोणाचाही फोन उचलू नये असं मीच सगळ्यांना बजावत असतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही. म्हणून पत्र. त्या दुपारची एकच बाजू तुम्हाला माहीत आहे (ती थेट तुमच्या कानावरच आदळली, हे मान्य), दुसरी बाजू मला शांतपणे मांडू द्या.

झालं असं, की त्याच्या आधीच्या आठवड्यात इथलं इंटरनेट रखडत होतं. वेदांत कंपनीत गेला की घरात मी, सुधा आणि भिंतीवरचा तो लुकलुकणारा डबा. एके सकाळी फोन आला, “सर, मैं टेक्निकल सपोर्ट से राघव बोल रहा हूँ.” आपल्या डब्यातून व्हायरस बाहेर पडून अख्ख्या कॉलनीत पसरतायत, असं त्याचं म्हणणं. मी रेल्वेत जन्मभर तिकिटं तपासली. डबा माझा आणि त्रास इतर प्रवाशांना, हे मला कसं खपावं? शिवाय हा मुलगा प्रत्येक वाक्याला ‘सर’ म्हणत होता. निवृत्तीनंतर मला सर म्हणणारं कोणी उरलेलं नाही. इथले भाजीवाले अंकलजी म्हणतात. (तुम्ही दिनकरराव म्हणता, त्यात प्रेम आहे, पण हुद्दा नाही.) विनातिकीट माणूस मी चेहऱ्यावरून ओळखत असे. फोनवर चेहराच नसतो, ही त्या यंत्रातली मोठी उणीव आहे.

राघवने एक अ‍ॅप उतरवून घ्यायला लावलं. त्यावर जे आकडे आले ते मी खणखणीत आवाजात वाचून दाखवले, ऐकू आलं का असंही विचारलं. मग माझा फोन आपोआप चालायला लागला. मी हात लावत नव्हतो आणि पडद्यावर एकेक खिडकी उघडत होती, मिटत होती. खरं सांगतो, मला कौतुक वाटलं. एवढं काम करणारा माणूस आमच्या खात्यात असता तर गाड्या वेळेवर धावल्या असत्या. तेवढ्यात सुधा मेथी निवडू का विचारायला बाहेर आली, बँकेचं पान उघडलेलं तिने पाहिलं, फोन माझ्या हातातून ओढून बंद केला आणि परत जागा होईल या भीतीने तांदळाच्या डब्यात पुरला. म्हणून वाचलो. राघवला चहा विचारावा असं माझ्या मनात येत होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी वेदांतने बँकेला कळवलं आणि माझा फोन धुऊनपुसून कोरा केला. त्यात साठवलेली सगळी नावं गेली, तुमचंही. नंतर त्याने माझी शिकवणी घेतली. बाबा, अनोळखी आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. ओळखीचा आवाज आला तरी ठेवायचा नाही, कारण आता कॉम्प्युटर आवाजाचीही नक्कल करतो. समोरचा घाई करतोय का बघायचं. तो अचानक आनंदाची बातमी देतोय का बघायचं. लिंक दाबा म्हणाला की संपलं, फोन ठेवायचा. आणि फारच शंका आली तर फक्त घरच्या माणसालाच माहीत असेल असा एखादा प्रश्न विचारायचा. एवढं सांगून तो उत्कर्षाच्या बाळंतपणाची तारीख जवळ आली म्हणून नाशिकला तुमच्याकडे आला.

आता तुम्हीच न्याय करा. दुपारी सुधा खातीपुऱ्याला मैत्रिणीकडे गेलेली, मी आडवा झालेलो. फोन वाजतो. आकडा अनोळखी. आवाज मात्र हुबेहूब तुमचा, आणि तिथेच माझा संशय बळावला. “दिनकरराव, अभिनंदन! आधी उठून बसा. वेदांतने व्हिडिओ काढलाय, लिंक पाठवलीय, पटकन दाबा!” प्रभाकरराव, वेदांतच्या शिकवणीतलं काही सोडलंत का हो तुम्ही? तरी मी धीर सोडला नाही. प्रश्न विचारला. जयपूरच्या रिसेप्शनला तुमचं काय झालं होतं, सांगा.

खऱ्या प्रभाकररावांचं उत्तर मला पाठ होतं. आमच्या बाटीने तुमच्या दाढेवरची टोपी निघाली, आणि त्या दिवसापासून एकही फोन तिच्या उल्लेखाशिवाय संपलेला नाही. दिवाळीच्या शुभेच्छांतसुद्धा ती दाढ होती. आणि तुम्ही काय म्हणालात? “काय व्हायचंय हो? झकास झालं सगळं! मजा आली!” इतका मोकळा, इतका आनंदी माणूस माझा व्याही असणं शक्यच नव्हतं.

त्यापुढे मी जे बोललो ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, त्या तोतयाला उद्देशून होतं. अभ्यास करून येत जा, असं त्याला सुनावलं. खरे प्रभाकरराव कसे आहेत, हे मी त्याला सविस्तर समजावलं. लोकांच्या घरी जाऊन पंखे बंद करणारे, मी गाडी चालवत असताना शेजारी बसून ब्रेक दाबणारे, रुसले की वर्षभर रुसवा न सोडणारे. याच भरात मी असंही म्हणालो, की त्या माणसाने आपली मुलगी इतकी सुरेख वाढवून आमच्या घरात दिली, त्याचं नाव घेऊन फसवतोस, लाज वाटत नाही? हे वाक्य शेवटी होतं. तुम्ही तोपर्यंत फोनवर होतात की नाही, कोण जाणे. मला वाटलं तोतया गारठला. मी तो नंबर ब्लॉक केला (हेही वेदांतनेच शिकवलेलं) आणि स्वतःच्या हाताने चहा करून घेतला. फार दिवसांनी कोणाला तरी पकडल्याचं समाधान होतं.

सुधा आल्यावर मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने स्वतःच्या फोनवरून वेदांतला फोन लावला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी गच्चीवर निघून गेलो.

बारशाचं आमंत्रण सुधाच्या फोनवर आलं. त्यात माझं नाव नव्हतं. मी मुळीच मनावर घेतलेलं नाही. कुंड्यांना पाणी घालायला घरात कोणीतरी हवंच, आणि सुधा एकटी प्रवास करू शकते. तुम्ही तब्येतीला जपा. विनयाताईंना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

आपला,
दिनकर

ता. क. : कुंड्या शेजारच्या जनार्दनजींनी घेतल्या आहेत. तिकिटं दोन काढली आहेत. तुमचा नंबर मोकळा केला असून आता नावानिशी साठवला आहे.

आणखी एक ता. क., नाशिकहून : पत्र टपालात टाकलंच नाही. आता सुधा ते घेऊन जिना चढेल. मी खाली, तुमच्या स्कूटरपाशी उभा आहे. सुधा सांगेल त्याआधी मीच सांगतो. मुलगा झाला की मुलगी, हे मला अजून माहीत नाही. सुधा सांगायला आली की मी कानांवर हात ठेवतो. वेदांतचा फोन आला की चपला घालून बाहेर पडतो. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, नात की नातू? मी म्हणालो, व्याह्यांना विचारून सांगतो. ती बातमी द्यायचा मान तुमचा होता. तुम्ही हौसेने फोन केलात आणि मी ती तुमच्या तोंडातच ठेवायला लावली. ती दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मला जिवावर येतं. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण गॅलरीत येऊन तेवढं एक सांगा. मी वर बघतोच आहे.