कपाळावरची राख

अंधेरी, राखेचा बुधवार

आईला सलोमीचा जय ख्रिस्त.

आजचा उपवास वगळता मी दोन्ही वेळा पोटभर जेवते, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत? राख घ्यायला चर्चपर्यंत चालत गेलीस का?

इथे फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, ‘तू माती आहेस’ म्हणाले. खोलीवर आले तर घरमालकीण कृष्णाबाई दारात कोळंबी सोलत होत्या. “काय गं हे कपाळाला लागलंय?” म्हणत त्यांनी पदराने पुसूनच टाकलं. त्यांना काय माहीत!

रागावू नकोस. तू संध्याकाळपर्यंत पुसू द्यायची नाहीस. पण इथे आल्यापासून आठ महिन्यांत माझ्या तोंडावरून कुणी पदर फिरवला नव्हता गं. मी पुसू दिलं.

मी माती आहे, हे खरंच. पण आपल्या अंगणातली.

तुझी,
सलोमी