डावा कोणाचा

प्रिय जुई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता कपाटात सारशील, म्हणून ते तुझ्या आईच्या, नलूकाकींच्या हातात देणार आहे. त्यांनी फोडून वाचलं तरी चालेल. लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. फोनवर तू मला केव्हाच ब्लॉक केलंयस. ते बरोबरच केलंस, कारण शेवटच्या आठवड्यात मी जे मेसेज टाकले होते ते मलाच परत वाचवत नाहीत. एकच विनंती आहे, शनिवारच्या आत हे वाच. का ते पुढे येईल. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीत आहे.

परवा खोताच्या वाडीत आलो होतो. तुमच्या शेजारच्या घराचा ओटा अजून तसाच आहे, कोपऱ्यातला टवका कोणी भरलेला नाही. तीन वर्षं झाली. मित्राचा टेम्पो, लायसन्स नसताना चालवायला मी, त्यात तुझ्या पप्पांचं सागवानी कपाट, आणि तू टेम्पोच्या पुढे उलटी चालत हात हलवत होतीस. डावीकडे, डावीकडे! मी टेम्पोच्या डावीकडे घेतला आणि ओट्याला ठोकला. तू ओरडलीस की डावं-उजवं कळत नाही का, आणि मीही आवाज चढवून सांगितलं की आमच्या लालबागमध्ये डावा म्हणजे बाप्पाचा डावा. मूर्ती आणायच्या दिवशी ट्रॉलीपुढे जो उलटा चालतो तो स्वतःचा हात धरत नाही, देवाचा धरतो. तसं नाही केलं तर वीस फुटी मूर्ती विजेच्या तारांत जाईल. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, हा काय बाप्पा आहे का, टेम्पो आहे, आणि मी समोर उभी आहे तर डावा माझा. वादात हरलो की मला राग येतो. त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

कॉलेज सोडल्याचं तुला सगळ्यात आधी सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षाला हजेरीवरून सरांशी वाजलं, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. आई मालवणीत बोलली, मेल्या, डोक्यां खंय ठेवून इलस? तू नुसती माझ्याबरोबर गिरगाव चौपाटीपर्यंत चालत आलीस. तेव्हा वाटलं, ही आहे ना, मग बाकीचं बघून घेऊ. असं वाटण्यातच माझी अर्धी वर्षं गेली.

लग्नाचं बोलायला आलो तेव्हा पप्पांनी विचारलेला प्रश्न काही चुकीचा नव्हता. हे आज लिहितोय, त्या दिवशी कबूल केलं नसतं. त्यांनी चहा दिला, नीट बसवलं आणि विचारलं, राहणार कुठे? आमची खोली दहा बाय बारा. तिच्यात आई, बाबा, दादा, वहिनी आणि तिचं बाळ. माझी वळकटी गॅलरीत. माझं डोकं सटकलं. म्हटलं, कमलाकांतकाका, घर चाकांवर आणतो आणि तुमच्या दारात उभं करतो! ते म्हणाले, वाडीत सायकल वळत नाही रे. नलूकाकी पदराआड हसल्या. मला तो अपमान वाटला. आता वाटतं, ते मला हसवायला बघत होते.

पण चाकांवरचं घर मी हवेतून काढलं नव्हतं. ते तूच दाखवलं होतंस, त्या गाड्यांच्या प्रदर्शनात. ट्रकच्या मागे जोडून न्यायचा पांढरा लांबलचक डबा, आत गादी, ओटा, खिडकीला पडदे, इवलंसं बेसिन. तू पडदा सरकवून बाहेर पाहिलंस आणि म्हणालीस, सुशांत, यात भांडण झालं तर जाणार कुठे? मी म्हटलं, डबाच दुसऱ्या गावाला नेऊ. त्याच आठवड्यात बंदराकडच्या दारूखाना भागात विकासशेठच्या यार्डात जाऊन उभा राहिलो. ते असे डबे भाड्याने देतात, कोकणात, नाशकात. मला धुण्यापुसण्याच्या कामावर घेतलं. पुढे चालवायला मिळालं की एखादा जुना डबा सुटीत वापरायला देईन, असं शेठ म्हणाले होते. मी तो शब्द घर मिळाल्यासारखा घरी घेऊन आलो.

मग रामजीकाकांनी पहिला हिसका दिला. ते यार्डातले आमचे जुने ड्रायव्हर, तीस वर्षं ट्रेलर ओढलेले. ते म्हणाले, बाळा, ही काय मारुती नाही. पुढचा ट्रक आणि मागचा मोठा डबा मिळून वजन साडेसात टनांच्या वर जातं. गाडीच्या लायसन्सवर हे ओढता येत नाही, त्याला जड गाडीचं, हेवीचं लागतं. आणि हेवीचं शिकाऊ लायसन्स मागायला जाशील तर आधी गाडीचं लायसन्स वर्षभर जुनं असावं लागतं. माझं तर निघालंही नव्हतं. ते काढलं, आणि ते हातात आलं त्या दिवशी तुला आयस्क्रीम खायला नेलं. तू ते कार्ड उलटसुलट बघितलंस, माझ्या फोटोला पाकिटमार म्हणालीस, आणि मग एकदम शांत होऊन विचारलंस, एकच वर्ष ना? थांबते.

जुई, तू अकरा महिने थांबलीस. पप्पांनी आणलेली दोन स्थळं तू परीक्षेचं कारण सांगून परतवलीस, हे मला तुझं विहंगशी लग्न ठरल्यावर कळलं, तेही नलूकाकींकडून. मला तेव्हा का सांगितलं नाहीस? सांगितलं असतंस तर मी राडा घातला असता, म्हणूनच ना.

भारतमाता टॉकीजजवळच्या सिग्नलचं तुला अर्धंच माहीत आहे. शेठची गाडी घेऊन निघालो होतो, तू पाच वाजता दादरला वाट बघत होतीस, आणि सिग्नल सुटेना. मी लालमध्येच घातली. हवालदाराने थांबवलं. तेव्हाही गप्प बसलो असतो तर नुसत्या दंडावर भागलं असतं. पण तो म्हणाला, कुठे आग लागलीय का? आणि मी त्याची पावती घेऊन त्याच्यासमोर फाडली. लायसन्स तीन महिने निलंबित. वर्षाला एक महिना बाकी होता. दादरला उशिरा पोचलो आणि झाल्या गोष्टीसाठी तुझ्यावरच ओरडलो, की तुला पाचचीच वेळ कशाला हवी होती. तू एवढंच म्हणालीस, तुला दीड मिनिट सिग्नलला थांबता येत नाही, आणि मी कशी थांबू? मग तू निघून गेलीस. मी तिथेच उभा राहून बघत राहिलो. हाक मारायचा आवाज मी ओरडण्यात संपवला होता.

तरी मी पुढे गेलो. तू नव्हतीस तरी गेलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. निलंबन संपलं, वर्ष भरलं, हेवीचं शिकाऊ लायसन्स निघालं, ट्रेनिंग झालं. परीक्षेला साहेब ट्रकच्या पुढे उभे राहिले आणि म्हणाले, मागे घेत डावीकडे घे. मी ट्रकच्या डावीकडे घेतला, दोन खुंट्या आडव्या. ते त्यांच्या हाताचा डावा सांगत होते! मी काच खाली करून विचारलं, साहेब, डावा कोणाचा? नापास. रामजीकाका पोट धरून हसले. म्हणाले, देवाचा डावा मांडवात, इथे कागदावर सही करतो त्याचा डावा. दुसऱ्या खेपेला तोंड उघडलं नाही. पास झालो. तुला सांगण्यासारखी ही एकच गोष्ट माझ्याकडे होती, आणि कार्ड पोस्टाने आलं त्याच दिवशी ते खिशात घालून वाडीत आलो. नलूकाकी दारातच भेटल्या. हातात साड्यांच्या पिशव्या. म्हणाल्या, सुशांत, जुईचा साखरपुडा झाला रे, गेल्या रविवारी. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कार्ड बाहेर काढलं नाही. बरं झालं काकी, म्हटलं. नंतर भायखळ्यापर्यंत चालत आलो, रस्त्यात काय काय होतं ते काही आठवत नाही.

इथपर्यंतचं सांगायला मी हे पत्र लिहिलं नसतं. हे सगळं माझं, मी बघीन. पण मागच्या मंगळवारी यार्डात एक जण आला. उंच, चष्मा, बोलायला साधा. मला तो आवडला, हे लिहिताना त्रास होतोय. त्याने आमचा सगळ्यात मोठा डबा बुक केला, लग्न झालं की शनिवारपासून पाच दिवस, मालवण. फॉर्ममध्ये दोन नावं लिहिली. पहिलं विहंग, दुसरं तुझं. बायकोला लहानपणापासून असं फिरायचंय, असं तो शेठना सांगत होता. लहानपणापासून नाही गं, त्या प्रदर्शनापासून. ड्रायव्हर नको म्हणाला, मी स्वतः चालवणार, तिकडे परदेशात चालवलंय साध्या लायसन्सवर. त्याच्या लायसन्सची झेरॉक्स काढायला मलाच दिली. दोनदा बघितली. त्याच्यावर फक्त साधी गाडी आहे, हेवी नाही, जुई. तिकडचा डबा छोटा असेल, इथे एवढं वजन त्या लायसन्सवर ओढता येत नाही. मी शेठना सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. शेठ म्हणाले, लग्नघरचं गिऱ्हाईक आहे, घाटात कोण लायसन्स बघतो, आणि तुला कसली पोटदुखी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय सांगणार होतो? तू माझी कोण होतीस ते सांगितलं असतं तर साडेसात टनांचंही खोटं ठरलं असतं. मी विहंगला म्हटलं, रामजीकाकांना तरी न्या. तो हसला. हनिमूनला ड्रायव्हर? तेही चुकीचं नाही. तक्रार करावी तर यार्डाला टाळं लागेल आणि रामजीकाका या वयात कुठे जातील? तूही म्हणशील, सुशांतने शेवटी घाण केलीच. म्हण. पण त्याच्या लायसन्सची मागची बाजू एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. परशुराम घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला की मागचा डबा गाडीला ढकलतो, आणि ते ज्याने कधी सोसलेलं नाही त्याच्या हातात स्टेअरिंग राहत नाही. छोटा डबा घ्या, नाहीतर रामजीकाकांना घ्या. ते रात्री गावातल्या भाच्याकडे झोपतील, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. मी येणार नाही, त्याची काळजी करू नकोस. आणि तो नाहीच म्हणाला, तू त्याचं ऐकलंस, आणि तिथे पोचून डबा मागे घ्यायची वेळ आली, तर तू मदतीला उतरशीलच, मला माहीत आहे, हात हलवत. स्टेअरिंग एका बाजूला फिरवलं की डबा दुसऱ्या बाजूला जातो. तेव्हा आधी दोघांनी ठरवून घ्या, डावा कोणाचा. आणि काहीही झालं तरी डब्याच्या मागे उभी राहू नकोस. तिथे उभी राहिलीस तर आरशात दिसत नाहीस.

तुझाच (खोडणार होतो, राहू दिलंय),
सुशांत