माझ्या नावावरची नळी

१८ नोव्हेंबर, सोमवार

पोलीस चौकीचं बोलावणं. माझ्या नावाने! आजवर रेशनच्या रांगेतसुद्धा कधी पुढे घुसले नाही मी.

पार्सल अडवलंय म्हणे. तपासणीत उघडलं तर आत वीतभर काळी नळी. लेकीच्या नेमबाजीच्या एअर पिस्तुलाच्या तोंडाला लावायची, आवाज दाबणारी. परवान्याशिवाय मागवली तर गुन्हा. आणि पार्सलवर नाव माझं, पत्ता माझा, फोन माझा.

ती शिस्त मीच लावलेली. सगळी खरेदी एका खात्यावरून, म्हणजे सवलतीचे गुण एकाच जागी साठतात. साबण असो की यांचे स्क्रू, पार्सल येतं ते माझ्याच नावाने.

मागवली कोणी, ते विचारायलाच नको. या घरात पार्सलांचं वेड एकालाच. तरी विचारलं. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "बघू."

बघू! घराला आग लागली तरी हे बघूच म्हणतील.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जाऊन आले. साहेब माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि कायद्याचं पुस्तक माझ्याकडे फिरवलं. वाचलं मी सगळं. मॅट्रिक आहे, वाचता येतं.

हवेचं पिस्तूल चालतं, ठरलेल्या ताकदीच्या आत असलं की परवाना नको. छर्रे चालतात. हाताच्या मापाची लाकडी मूठ चालते. एक डोळा झाकायचा चष्मा चालतो. कुलपाची पेटी तर हवीच, पिस्तूल उघडं घेऊन फिरायचं नाही. आणि ही नळी? ती बंदुकीचाच भाग धरतात. नुसती सापडली, पिस्तूल जवळ नसलं, तरी गुन्हा!

"म्हणजे साहेब, पिस्तूल ठेवलं तर खेळ, आणि त्याला गप्प बसवलं तर गुन्हा? हे उलटं नाही का?"

"बाई, आवाज येतो म्हणून चार लोकांना कळतं तरी."

बरोबरच होतं त्यांचं. म्हणून जास्तच चिडले.

शुक्रवारी दुपारपर्यंत लेखी जबाब द्यायचा. कोणी मागवली, कशाला मागवली. घरच्या माणसाने न कळून मागवली असेल तर पहिल्या वेळी समज देऊन सोडतात. "पण खेळाडूनेच मागवली असेल तर आम्हाला नेमबाजी संघटनेला कळवावं लागतं." कळवलं की वर्षभर बंदी.

लेकीची निवड चाचणी वीस दिवसांवर आलीय! सहा वर्षं ही मुलगी रोज संध्याकाळी मागच्या खोलीत उभी राहते, दहा मीटर मोजून. डावा हात खिशात, उजवा समोर. ताप असला तरी उभी.

घरी येऊन यांना धरलं. "पोरीच्या पोटावर पाय देताय तुम्ही!" तर म्हणतात, "अगं, मोटारसायकलचा सायलेन्सर भर रस्त्यात फिरतो, त्याला कोणी पकडत नाही." थट्टा सुचते यांना! म्हटलं, "ती नळी तुमच्याच तोंडाला लावा. नाहीतर राहू दे, ते वेळेवर गप्पच असतं."

"जबाब मी लिहितो," म्हणाले. एवढंच. भांडलेसुद्धा नाहीत. माणूस भांडला तर निदान राग कुठेतरी जाऊन बसतो!

२० नोव्हेंबर, बुधवार

बोलणं बंद. ताट वाढलं, पण आपटून.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

जबाबाला पावती जोडायची म्हणून फोनवर शोधली. मागणी नोंदवली ती ३ तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. ३ तारखेला चार वाजता हे दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवे होते. दाढ काढत होते. मी शेजारी उभी, यांचा चष्मा आणि फोन दोन्ही माझ्या हातात!

"तुम्ही नाही मागवलीत!"

"मी मागवली असं समज."

"समज म्हणजे?"

"तीन दिवस तुझं बोलणं खातोय. आता ते वाया घालवू नकोस."

लेक दारात उभी होती. "मी मागवली, आई. बाबांना तेव्हाच सांगितलं."

कशाला? तर माझ्या जपासाठी. संध्याकाळी मी देवापुढे बसते, भिंतीपलीकडे हिचं टक्, टक्. दर वेळी माळ चुकते आणि मी पहिल्या मण्यापासून धरते. "मला ऐकू येतं, तू पहिल्यापासून सुरू करतेस ते." आणि दुकानात लिहिलेलं होतं, घरच्या सरावासाठी उत्तम. परवान्याबद्दल अवाक्षर नाही! विकणारा मोकळा, घेणारा चौकीत. हात मोडोत त्याचे! (लिहिलं. देवा, खोडत नाही.)

मी कधी बाई तोंडाने म्हटलं होतं, आवाज बंद कर म्हणून? म्हटलं असेल. रोज म्हटलं असेल.

हे जबाब लिहायला बसले. मी कागद ओढून घेतला. यांच्या नोकरीत शेरा बसला तर? माझ्या नावावर कसली नोकरी! खातं माझं, नाव माझं, मीच लिहिते.

"आई, पण ते खोटं आहे," लेक म्हणाली.

"तू तुझा नेम बघ!" मी ओरडले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेअकराला जबाब दिला. 'नळी मी मागवली. कायदा ठाऊक नव्हता.' खाली सही.

साहेबांनी वाचला. ड्रॉवर उघडून दुसरा कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. लेकीचं अक्षर: 'नळी मी मागवली, आईच्या खात्यावरून.' वर वेळ घातलेली, सकाळचे साडेनऊ.

"दोन्ही ठेवता येणार नाहीत, बाई. खोटा कुठला?"

माझा मी उचलला आणि फाडला.