ओढ्यावरचा पूल आणि माझा फेटा

३ नोव्हेंबर, सोमवार
महामंडळाच्या पोर्टलवर निकाल लागला. रणझुंजार इंजिनिअर्स, म्हणजे मी : अपात्र!
ओढ्यांवरच्या पुलांच्या डिझाइनचं टेंडर. दर उघडण्याआधी फर्मची लायकी तपासून मार्क देतात. पास व्हायला सत्तर लागतात, आम्हाला बासष्ट. 'केलेल्या कामाचा पुरावा' या रकान्यात भोपळा. शेरा : छायाचित्रांत काम दिसत नाही.
कसबा बावड्याचा पूल आम्ही केला. ऊसगाड्या जातात त्यावरून. आणि यांना दिसत नाही! नक्की कुणाचा तरी हात आहे. लढणार. डोकं शांत ठेवून लढणार. संतापात तांबडा रस्सा तीनदा वाढून घेतला.

४ नोव्हेंबर
संयोगिता आमची इंजिनिअर. आकडेमोड आणि ड्रॉइंग तिचं, मार्गदर्शन माझं. म्हणाली, सर, मी नुसत्या पुलाचे फोटो लावले होते, तुम्ही बदललेत. बदलले. उद्घाटनाचे लावले. फेटे बांधलेली माणसं, मधोमध मी, मागे आमच्या फ्लेक्सवाल्या दोस्तानं, गैबीनं छापलेला माझ्या अभिनंदनाचा वीस फुटी फ्लेक्स. रिकामा पूल काय लावायचा? कुणी वाली नसल्यासारखा दिसतो.
तिनं आणखी एक सांगितलं. पुण्याची नोकरी चालून आलीय. हे काम मिळालं तर राहते, नाहीतर महिनाअखेरीला जाते. मी म्हणालो, बिनधास्त राहा. पण ती गेली तर पुलाचा भार कोण काढणार? मला मार्गदर्शन येतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
हरकत दाखल. संयोगितानं पाच ओळी लिहिल्या होत्या, सोबत रिकाम्या पुलाचे फोटो. पाच ओळींना कोण घाबरतं? करवीरच्या मातीपासून सुरुवात करून एकोणीस पानं केली. फाइल जड झाली, अपलोड होईना. म्हणून फोटो काढून टाकले. शब्दांतच दम आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सुनावणी. अल्बम नेला, लग्नातला असतो तसा, सोनेरी कडांचा. सुनावणी घेणाऱ्या मॅडमनी शेवटपर्यंत चाळला आणि विचारलं, यात पूल कोणता? आमच्या तालमीच्या आकारामच्या कानाशेजारी कठड्याचं टोक आहे, ते दाखवलं. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. संयोगिता फरशीकडे बघत होती.
पण बाई भल्या. म्हणाल्या, पुढच्या बुधवारी अकराला आमचा माणूस पुलावर येईल, अ‍ॅपवर एकच फोटो काढेल, तो थेट फाइलला लागेल. पूल दिसला की मार्क.
जिंकलोच! संकल्प : त्या दिवशी पुलावर कुणी नको. फ्लेक्स नको. मीसुद्धा नको.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
गैबी येऊन गेला. म्हणाला, "सरकारी पावणं पुलावर येनार आन् स्वागताचा साधा बोर्ड बी न्हाय? कोल्हापूरचं नाव घालवतोस व्हय?" मुद्दा बिनतोड. एकच फ्लेक्स, तोही लहान, असं ठरलं. ऊन लागू नये म्हणून मंडप.
क्रांती म्हणाली, "पूल बगायला येनाऱ्याला मंडप दावताय की तुमी!" आमच्या सौभाग्यवतींना टेंडरमधलं काही कळत नाही.

१९ नोव्हेंबर
तालमीतली झाडून सगळी आली. मी बोलावलं नव्हतं, फक्त स्टेटस ठेवलं होतं. हलगी कुणी आणली, माहीत नाही.
महामंडळाचा माणूस अगदी वेळेवर आला. नको नको म्हणत असताना त्यालाही फेटा बांधला. संयोगिता ओरडत होती, कठडा मोकळा करा, बाजूला व्हा! पण मोबाईल वर झाला की आमची माणसं बाजूला होतात कुठं? सगळी पुढं सरकली. मीही सरकलो. सवयीनं.
फोटो झकास आला असणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अपात्र. निर्णय अंतिम. शेरा : छायाचित्रात मंडप दिसतो.
कोर्टात खेचतो म्हणालो. संयोगितानं विचारलं, सर, पुरावा काय लावणार? मी अल्बम काढला आणि परत कपाटात ठेवला. दुपारी तिनं राजीनामा टेबलावर ठेवला. मी त्यावर पेपरवेट ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार
संयोगिताचा निरोप समारंभ. साधाच करायचं ठरलं होतं. पण गैबी फ्लेक्स घेऊनच आला आणि मागोमाग तालीम.
भाषण मीच केलं. पोरीनं पूल असा बांधला की इतकी माणसं नाचली तरी हलला नाही, एवढंच बोललो. टाळ्या पडल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही आवरेना. आठवण म्हणून ग्रुप फोटो काढला. ऑफिसात तिच्या टेबलाच्या वर लावणार. तिला स्टँडवर सोडून आलो.
घरी क्रांतीला फोटो दाखवला. ती म्हणाली, "ह्यात संयोगिता कुठं हाय?"
मोठा करून पाहिला. मधोमध मी, फेट्यात. माझ्या खांद्यामागून एक हात दिसतो, नारळ धरलेला. तिचाच असणार.
पुन्हा काढू म्हणून फोन लावला. गाडी कराडच्या पुढं गेली होती.